हौशी उड्डाणासाठी पोर्टेबल जीपीएस नेव्हिगेटर निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं छोटी विमानं, मायक्रोलाइट, ग्लायडर आणि पॅरामोटर उडवणाऱ्या हौशी वैमानिकांसाठी आहेत. दिवसाउजेडी, जमीन दिसत असताना, दृश्य नियमांखाली केलेलं उड्डाण इथं गृहीत धरलं आहे. यंत्र शक्यतो आपल्याच कॉकपिटमध्ये बसून पारखावं. ऊन, धक्के, हातमोजे आणि मोकळा असलेला एकच हात, एवढ्यांपुढं जे टिकतं ते घ्यावं.

फोनमध्ये नकाशा आहेच, मग वेगळं काही कशाला?

रस्त्यांचा नकाशा विमानात फारसा कामाचा नाही. त्यात नियंत्रित हवाई क्षेत्राच्या सीमा नसतात, धावपट्टीची दिशा आणि लांबी नसते, रेडिओच्या फ्रिक्वेन्सी नसतात, उंच मनोरे आणि विजेच्या तारा नसतात. असे नकाशे बहुधा मोबाईल नेटवर्कवरून उतरत असतात आणि उंचीवर नेटवर्कचा भरवसा नसतो, कारण टॉवरचे अँटेना जमिनीकडं रोखलेले असतात.

त्याच फोनवर विमानचालनासाठी केलेलं ॲप टाकलं आणि नकाशे आधीच उतरवून ठेवले, तर मात्र फोन हे चांगलं राखीव साधन होतं. मुख्य साधन म्हणून त्याचा पडदा लहान पडतो. १०० नॉट वेगानं विमान मिनिटाला ३ किलोमीटरहून जास्त अंतर कापतं, म्हणजे बारीक अक्षरं वाचण्यात आणि मेनू शोधण्यात दोन मिनिटं गेली की तुम्ही ६ किलोमीटर पुढं आलेले असता, तेही बाहेर न बघता.

बाजारात नेमके प्रकार कोणते?

ढोबळ तीन. पहिला, विमानासाठीच बनवलेलं स्वतंत्र यंत्र, उदाहरणार्थ गार्मिनचं ५ इंची एरा ६६० किंवा ७ इंची एरा ७६०. दुसरा, टॅब्लेट आणि त्यावर स्कायडेमन, फोरफ्लाइट, गार्मिन पायलट, ईझीव्हीएफआर यांसारखं ॲप. तिसरा, ग्लायडर आणि पॅराग्लायडरवाल्यांची यंत्रं, ज्यांत नकाशाबरोबर चढ-उताराचा वेग दाखवणारा व्हॅरिओमीटर आणि उरलेल्या उंचीत कुठवर पोहोचता येईल याचं गणित असतं. नॅव्हिटरचं औडी या गटात मोडतं. एक्ससीसोर हे मोफत, मुक्त स्रोत सॉफ्टवेअरही इथलंच.

स्वतंत्र यंत्र घ्यावं की टॅब्लेट?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि त्याचं उत्तर तुमच्या विमानाच्या काचेवर अवलंबून आहे.

टॅब्लेटच्या जमेच्या बाजू खऱ्या आहेत. पडदा मोठा मिळतो, नकाशा सुंदर दिसतो, घरी बसून आखलेला मार्ग तसाच कॉकपिटमध्ये येतो, हवामान आणि नोटाम (वैमानिकांसाठीच्या तात्पुरत्या सूचना) एकाच जागी वाचता येतात, अद्ययावत करणं सोपं असतं. अडचण येते ती उष्णतेची. ॲपल आपल्या आयपॅडसाठी वापराचं तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअस सांगते. बुडबुड्यासारख्या मोठ्या काचेखाली, थेट उन्हात, पूर्ण प्रकाशमानावर आणि चार्जिंग चालू असताना टॅब्लेटचं आतलं तापमान याच्या बरंच वर जातं. मग तो आधी पडदा मंद करतो, चार्जिंग थांबवतो आणि शेवटी तापल्याची सूचना देऊन बंद होतो. थंड झाल्याशिवाय तो परत सुरू होत नाही.

टॅब्लेटच घ्यायचा असेल तर एवढं पाळा:

- जाड रबरी कव्हर उड्डाणात काढून ठेवा. ते उष्णता कोंडतं.
- डॅशबोर्डच्या वर, काचेला चिकटून ठेवू नका. कॉकपिटमधली सगळ्यात गरम जागा तीच.
- हवेच्या झोताचं तोंड टॅब्लेटच्या पाठीवर येईल असं वळवा.
- निघताना बॅटरी १०० टक्के भरलेली ठेवा, म्हणजे ऐन उन्हात चार्जिंगची वेळ येणार नाही.
- तळावर उभ्या, बंद विमानात तो ठेवून जाऊ नका.

आयपॅडच्या बाबतीत एक मोठी चूक वारंवार होते. फक्त वायफाय असलेल्या आयपॅडमध्ये जीपीएस रिसीव्हर नसतो. सिमकार्डाची सोय असलेल्या मॉडेलमध्ये तो असतो, सिम घातलं नाही तरी चालतो. वायफायचं मॉडेल आधीच घेतलं असेल तर गार्मिन ग्लो किंवा बॅड एल्फसारखा ब्लूटूथ रिसीव्हर जोडावा लागतो. त्याबरोबर आणखी एक बॅटरी सांभाळायची आली.

स्वतंत्र यंत्र लहान, महाग आणि नकाशाच्या बाबतीत थोडं जुनाट वाटतं. पण ते उन्हात वाचता यावं म्हणून बनवलेलं असतं, उष्णता जास्त सोसतं, मधेच कुणाचा फोन येत नाही, आणि ॲपच्या नव्या आवृत्तीनं सकाळी सकाळी पासवर्ड मागितला असं होत नाही. उघड्या कॉकपिटसाठी किंवा बुडबुड्यासारख्या मोठ्या काचेखाली उडणाऱ्यांना आमची शिफारस स्वतंत्र यंत्राची आहे. डोक्यावर पंख असलेल्या, सावलीच्या विमानात टॅब्लेट उत्तम काम देतो.

पडदा केवढा असावा आणि किती उजळ?

आधी जागा मोजा. पुठ्ठ्याचा तुकडा यंत्राच्या बाहेरच्या मापाचा कापा, बसवायच्या जागी चिकटपट्टीनं लावा आणि सीटचा पट्टा बांधून बसा. विमान वळवायची दांडी पूर्ण मागं ओढा, डावी-उजवीकडं पूर्ण वळवा, थ्रॉटल पूर्ण पुढं ढकला. पुठ्ठा कुठंही अडला, एखादं घड्याळ झाकलं गेलं किंवा बाहेरचं दृश्य कापलं गेलं तर तो आकार तुमच्यासाठी नाही. छोट्या दोन आसनी विमानात ५ ते ८ इंच बहुतेकांना पुरतो. १० इंची टॅब्लेट मांडीवर ठेवला तर दांडीला हमखास अडतो.

उजळपणा निट्समध्ये मोजतात. साधारण टॅब्लेट ५०० निट्सच्या आसपास असतात. सावलीत ते भरपूर वाटतं, थेट उन्हात अपुरं पडतं. त्यापेक्षा खात्रीची परीक्षा अशी: दुपारी बाराच्या उन्हात उघड्यावर यंत्र हातभर अंतरावर धरा आणि पुढच्या टप्प्याची फ्रिक्वेन्सी एका नजरेत वाचता येते का पाहा. हे करताना उड्डाणात वापरता तोच गॉगल घाला. पोलराइज्ड गॉगलमधून काही पडदे एका विशिष्ट कोनात काळेठिक्कर दिसतात. उभा धरलेला पडदा दिसतो आणि आडवा केला की गायब होतो, असंही होतं. म्हणून दोन्ही बाजूंनी फिरवून बघा. चकाकी कमी करणारी मॅट फिल्म प्रतिबिंब घालवते, पण अक्षरांची धारही थोडी बोथट करते.

टचस्क्रीन की बटणं?

शांत हवेत टचस्क्रीन वेगवान. धक्के बसायला लागले की बोट भलतीकडं पडतं. उपाय म्हणजे अंगठा यंत्राच्या कडेवर टेकवून मग बोटानं दाबणं. म्हणूनच कडेला टेकायला जागा असलेली चौकट उपयोगाची असते. थंडीत जाड हातमोजे घालणाऱ्यांनी आणि पॅरामोटरवाल्यांनी बटणांचं यंत्र घ्यावं, किंवा हातमोज्यांसह दुकानात करून पाहावं. पावसाचे थेंब पडलेला टचस्क्रीन आपणहून पानं उलटतो, हेही लक्षात असू द्या.

अचूकता किती असते? जास्त अचूक मॉडेल शोधावं का?

यात वेळ घालवू नका. अमेरिकेनं मे २००० मध्ये नागरी सिग्नलमधली हेतुपुरस्सर घातलेली चूक काढून टाकली, तेव्हापासून साधा रिसीव्हरही मोकळ्या आकाशाखाली काही मीटरमध्ये जागा सांगतो. अमेरिकेची वॉस, युरोपची एग्नॉस, भारताची गगन, जपानची एमसास या पूरक यंत्रणा चुका आणखी कमी करतात आणि सिग्नल बिघडल्याचं कळवतात. रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बेइदोऊ यांचेही उपग्रह वापरणारा रिसीव्हर दरीत किंवा पंखाच्या आड लवकर सावरतो. दृश्य उड्डाणात तुम्हाला नदीचं वळण आणि रेल्वेचा पूल ओळखायचा असतो, त्याला एवढं खूप झालं.

जीपीएसची उंची आणि अल्टिमीटरची उंची जुळत नाही. यंत्र बिघडलंय का?

बहुधा नाही. दोघं वेगळ्या गोष्टी मोजतात. जीपीएस भूमितीनं उंची काढतो. अल्टिमीटर हवेचा दाब मोजतो आणि प्रमाण वातावरण गृहीत धरून त्याचे फूट करतो. हवा प्रमाणापेक्षा गरम असली की खरी उंची दाखवलेल्यापेक्षा जास्त असते, थंड असली की कमी. फरक साधारण दर १० अंशांना ४ टक्के. अल्टिमीटर ५,००० फूट दाखवतोय आणि हवा प्रमाणापेक्षा २० अंशांनी गरम आहे, तर समुद्रसपाटीजवळच्या तळावरून निघालेलं विमान प्रत्यक्षात साधारण ५,४०० फुटांवर असतं. जीपीएस तेच दाखवेल आणि दोन्ही यंत्रं आपापल्या जागी बरोबर असतील.

शिवाय जीपीएसमध्ये आडव्या जागेपेक्षा उभ्या उंचीतली चूक मोठी असते, कारण खालच्या बाजूचे उपग्रह पृथ्वीआड असतात. काही साधी ॲप समुद्रसपाटीऐवजी पृथ्वीच्या गणिती लंबगोल आकारापासूनची उंची दाखवतात. हिंदी महासागरात भारताच्या दक्षिणेला हा फरक १०० मीटरच्या आसपास जातो.

याचा निष्कर्ष कडक आहे: हवाई क्षेत्राच्या सीमा, वाहतुकीतलं अंतर आणि नियंत्रकाशी बोलणं, सगळं अल्टिमीटरवरून. तिथले सगळे वैमानिक त्याच दाबाच्या हिशेबानं उडत असतात. डोंगर ओलांडताना मात्र जीपीएसची उंची दुसरं मत म्हणून जरूर बघा, विशेषतः कडक थंडीत, जेव्हा अल्टिमीटर तुम्हाला आहात त्यापेक्षा वर असल्याचं सांगतो.

डेटाबेस म्हणजे काय आणि किती वेळा बदलावा?

यंत्र विकत घेण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न हा असायला हवा: माझ्या प्रदेशाचा विमानचालन डेटाबेस या यंत्रासाठी मिळतो का, कोण पुरवतो आणि त्यात छोटी मैदानं, मायक्रोलाइटच्या पट्ट्या, ग्लायडरची ठिकाणं आहेत का? हार्डवेअर जगभर सारखं असतं, डेटाबेस नसतो. एका खंडात नावाजलेलं ॲप दुसऱ्या खंडात कोरा नकाशा दाखवू शकतं.

विमानचालनाची माहिती जगभर ठरलेल्या तारखांना बदलते. या चक्राला एआयआरएसी म्हणतात आणि ते २८ दिवसांचं असतं. यंत्रात साधारणपणे चार वेगळे संच असतात: विमानतळ व हवाई क्षेत्र, अडथळे, भूभाग आणि पायाचा नकाशा. पहिला प्रत्येक चक्राला बदलायला हवा. अडथळ्यांचा संचही नवा ठेवावा, कारण मोबाईलचे मनोरे आणि पवनचक्क्या सतत उभ्या राहतात. डोंगर हलत नाहीत, त्यामुळं भूभागाचा संच वर्षानुवर्षं चालतो.

अद्ययावत करताना हमखास होणाऱ्या गडबडी:

- माहिती उतरत असतानाच केबल ओढली जाते. संच अर्धवट राहतो आणि यंत्र सुरू होताना चूक दाखवतं. काम उड्डाणाच्या आदल्या दिवशी करा, सकाळी तळावर नको.
- नवा संच उतरतो पण लागू होण्याची तारीख पुढची असते. सुरुवातीच्या पडद्यावरच्या दोन्ही तारखा, कधीपासून आणि कधीपर्यंत, वाचून घ्या.
- टॅब्लेटची जागा भरलेली असते, म्हणून ॲप नकाशाचे तपशीलवार तुकडे टाकतच नाही. फ्लाइट मोड लावा, मार्गाच्या शेवटपर्यंत नकाशा मोठा करून सरकवा. कुठं पांढरे चौकोन दिसले तर तो भाग उतरलेला नाही.

तात्पुरती बंद केलेली क्षेत्रं, हवाई कसरतींचे कार्यक्रम, बंद धावपट्टी या गोष्टी डेटाबेसमध्ये नसतात. त्यासाठी नोटाम वाचावेच लागतात.

हातानं टाकलेला बिंदू चुकीच्या जागी का दिसतो?

दहातल्या नऊ वेळा कारण लिखाणाच्या पद्धतीत असतं. अक्षांश-रेखांश तीन पद्धतींनी लिहितात: अंश-मिनिट-सेकंद, अंश आणि दशांश मिनिट, आणि नुसते दशांश अंश. ३० मिनिटं ४५ सेकंद म्हणजे ३०.७५ मिनिटं. ते ३०.४५ म्हणून टाकलं की अक्षांशात ०.३ मिनिटाची चूक, म्हणजे साधारण ५५६ मीटर. १८ अंश ३० मिनिटं याऐवजी १८.३० अंश टाकले तर तब्बल १२ सागरी मैल, २२ किलोमीटर. दोन्ही आकडे पडद्यावर निरागस दिसतात.

मापनाचा पाया डब्ल्यूजीएस ८४, म्हणजे जीपीएस वापरतो तोच, असल्याचीही खात्री करा. जुन्या कागदी नकाशांचा पाया वेगळा असतो आणि त्यावरून उचललेला बिंदू काहीशे मीटर सरकू शकतो. बिंदू टाकून झाला की ओळखीच्या विमानतळापासून त्याचं अंतर आणि दिशा कागदी नकाशावर पट्टीनं ताडून पाहा. मग तो मार्गात घ्या.

बॅटरी किती वेळ चालायला हवी?

तुमचं सर्वांत लांब उड्डाण, अधिक पर्यायी तळावर जाण्याचा वेळ, अधिक एक तास. एवढा वेळ बाहेरच्या विजेशिवाय, पूर्ण उजळ पडद्यावर. उत्पादकाचा आकडा बहुधा मंद पडद्याचा असतो, म्हणून घरी खिडकीजवळ पडदा पूर्ण उजळ करून घड्याळ लावा आणि स्वतः मोजा. टॅब्लेटची बॅटरी काही वर्षांनी आकसते, तेव्हा ही चाचणी दर हंगामाच्या सुरुवातीला पुन्हा करा.

पॉवर बँक घेताना एमएएचचा आकडा फसवा असतो. १०,००० एमएएच हा आतल्या ३.७ व्होल्टच्या पेशींचा हिशेब, म्हणजे ३७ वॉट-अवर. ५ व्होल्टला बदलताना होणारी घट धरली तर प्रत्यक्ष ६,००० एमएएचच्या आसपास हाती येतात. आठ इंची टॅब्लेटची बॅटरी साधारण १९ ते २० वॉट-अवरची असते, म्हणजे अशी एक बँक ती एकदा भरून थोडी उरते. पुरेसं आहे.

विमानाच्या सॉकेटला जोडलं तरी टक्केवारी उतरतच जाते. का?

तीन कारणं तपासा. पहिलं, सॉकेटमधला यूएसबी चार्जर फक्त १ अँपिअर देत असेल. उजळ पडद्याचा टॅब्लेट त्याहून जास्त खातो. किमान २.१ अँपिअरचा घ्या. दुसरं, केबल लांब आणि आतल्या तारा बारीक असतील. दोन मीटरच्या स्वस्त केबलमध्ये २ अँपिअरला एक व्होल्टहून जास्त गळती होऊ शकते, मग यंत्र स्वतःच कमी वीज घेतं. आखूड, जाड तारेची केबल वापरा. तिसरं, यंत्र तापलेलं असेल आणि त्यानं चार्जिंग रोखलं असेल.

कायमची जोडणी करायची तर विमानाचा व्होल्टेज आधी पाहा, १४ की २८. मोटारीचा १२ व्होल्टचा चार्जर २८ व्होल्टवर जळतो. फ्यूज विजेच्या स्रोताजवळ बसवायचा, यंत्राजवळ नव्हे, कारण मधली तार घासून शॉर्ट झाली तर यंत्राजवळचा फ्यूज काहीच वाचवत नाही. आणि हे काम परवानाधारक तंत्रज्ञाकडून, विमानाच्या नोंदवहीत लिहून.

चार्जर लावला की रेडिओवर खरखर येते. उपाय?

स्वस्त यूएसबी चार्जरमधलं स्विचिंग सर्किट ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या विमान-रेडिओ पट्ट्यात गोंगाट करतं. खरखर नेहमी ऐकू येतेच असं नाही. कधी तिच्यामुळं रेडिओचा स्क्वेल्च (कुणी बोलत नसताना गोंगाट बंद ठेवणारी सोय) उघडाच राहतो, कधी दूरचं स्टेशन ऐकू येईनासं होतं. जमिनीवर तपासा: दूरच्या तळाचं हवामान प्रक्षेपण लावा, मग चार्जरची पिन घाला-काढा. फरक पडला तर चार्जर बदला. ते शक्य नसेल तर केबलच्या दोन्ही टोकांना गोंगाट अडवणारी फेराइटची कडी बसवा आणि केबल अँटेनाच्या तारेपासून लांब न्या.

उलटंही होतं. जीपीएसचा सिग्नल १५७५.४२ मेगाहर्ट्झवर असतो. १२१.१५ ते १२१.२ च्या आसपासची फ्रिक्वेन्सी तेरा पट केली आणि १३१.२५ ते १३१.३ च्या आसपासची बारा पट केली की आपण नेमके तिथं पोहोचतो. या फ्रिक्वेन्सींवर बोलताना पोर्टेबल रिसीव्हरचे उपग्रह नाहीसे झाले आणि बटण सोडताच परत आले, तर दोष जीपीएसचा नाही. यंत्र रेडिओपासून आणि त्याच्या अँटेनापासून दूर हलवा.

बसवायचं कुठं आणि कशानं?

दांडीवर, काचेवर, पॅनेलवर किंवा मांडीवर. एक इंची चेंडूच्या सांध्याचे रॅम पद्धतीचे स्टँड मजबूत असतात आणि सुटे भाग सहज मिळतात. काचेवरचा रबरी वाडगा बसवण्याआधी काच आणि वाडगा दोन्ही पुसून कोरडे करा, थोडा ओलावा द्या, दाबून लावा आणि रात्रभर टिकतो का पाहा. उंचीवर बाहेरचा दाब घटतो, काच तापते-निवते, आणि वाडगा ऐन उतरताना सुटतो. म्हणून यंत्राला बारीक दोरी बांधलेली असावीच. सुटलेलं यंत्र पेडलखाली जाणं हा खरा धोका आहे. पॅरामोटरमध्ये दोरीला पर्यायच नाही, सुटलेली वस्तू मागं थेट पंख्यात जाते.

होकायंत्रावरचा परिणाम विसरू नका. टॅब्लेटच्या कव्हरमध्ये आणि स्पीकरमध्ये चुंबक असतात. इंजिन चालू ठेवून, यंत्र जागेवर चालू असताना आणि नंतर पूर्ण काढून, दोन वेगवेगळ्या दिशांना होकायंत्र वाचा. आकडा बदलला तर जागा बदला.

बाहेरचा अँटेना लागेल का?

लाकूड, कापड आणि फायबरच्या विमानात सहसा नाही. धातूचं छत असेल, कार्बन फायबरचा सांगाडा असेल किंवा काचेत तापवण्याचा धातूचा थर असेल तर लागू शकतो. उपग्रहांचं पान उघडा, विमान हळूहळू पूर्ण ३६० अंश फिरवा. कुठल्या दिशेला सिग्नलच्या पट्ट्या पडतात ते दिसेल.

उपग्रह सापडायला इतका वेळ का लागतो?

प्रत्येक उपग्रह स्वतःच्या कक्षेची अचूक माहिती दर ३० सेकंदांनी सांगतो, पण सगळ्या उपग्रहांचं वेळापत्रक पूर्ण यायला १२.५ मिनिटं लागतात. यंत्र महिनोन्महिने बंद असेल तर त्याला ते नव्यानं ऐकावं लागतं. फोन आणि टॅब्लेट ही माहिती इंटरनेटवरून घेऊन वेळ वाचवतात, नेटवर्क नसलं की तेही रेंगाळतात. तपासणी सुरू करतानाच यंत्र उघड्या आकाशाखाली चालू करा.

पडद्यावर काय काय ठेवावं?

कमीत कमी. जमिनीवरचा वेग, प्रत्यक्ष मार्गाची दिशा, पुढच्या बिंदूची दिशा आणि तिथं पोहोचायला लागणारा वेळ. एवढे चार आकडे आणि नकाशा. यातल्या दोन्ही दिशा सारख्या असल्या की तुम्ही बिंदूकडंच जात आहात, वारा काही असो. नाकाची दिशा यात येतच नाही, ती जीपीएसला माहीत नसते. त्यानं दाखवलेला मार्ग आणि होकायंत्र यांतला फरक म्हणजे वाऱ्यानं बाजूला वाहत जाणं, अधिक चुंबकीय विचलन. यंत्र खरी उत्तर दिशा धरून दाखवतंय की चुंबकीय, हे सेटिंगमध्ये एकदा पाहून ठेवा.

हवाई क्षेत्राचा इशारा बंद करू नका, गाळून घ्या. तुमच्या उंचीपेक्षा खूप वरची क्षेत्रं वगळली की उरलेले इशारे कानावर येतात आणि ऐकले जातात. सीमेपासून आडवं एक सागरी मैल आणि उभं २०० ते ३०० फूट अंतर स्वतःहून सोडा. इशारा बहुधा जीपीएसच्या उंचीवर चालतो, आणि तिचं काय होतं ते वर आलंच आहे.

पडद्यावर कृत्रिम क्षितिज दिसतं. ढगात त्याचा आधार घेता येईल?

नाही. अनेक पोर्टेबल यंत्रांवरचं ते चित्र जीपीएसच्या वेग, दिशा आणि उंचीतल्या बदलांवरून काढलेलं असतं. विमान खरोखर किती कललंय हे त्याला कळत नाही, ते अंदाज बांधतं आणि उशिरा बांधतं. वेगळं जायरो-सेन्सर असलेली यंत्रं बरी असतात, तरीही ती प्रमाणित नसतात. पोर्टेबल यंत्र उपकरण-नियमांच्या (बाहेर न बघता, उपकरणांवरून केलेल्या) उड्डाणात मुख्य दिशादर्शक म्हणून वापरता येत नाही. ढग समोर आला की वळा.

इतर विमानं आणि हवामान दाखवणारं यंत्र घ्यावं का?

घ्यावं, मर्यादा समजून. एडीएस-बी म्हणजे विमानानं आपली जागा रेडिओवरून स्वतः कळवत राहणं; त्याचा रिसीव्हर असं प्रक्षेपण करणाऱ्यांनाच पाहतो. फ्लार्म ही टक्कर टाळायची यंत्रणा फ्लार्मवाल्यांना. ज्यांच्याकडं काहीच नाही ती विमानं पडद्यावर नसतात. तुमच्या भागात कोणती पद्धत जास्त रुजली आहे ते तळावर विचारा आणि तीच घ्या.

हवामानाच्या रडारचं चित्र नेहमी शिळं असतं. अमेरिकेच्या एनटीएसबी या अपघात-तपास संस्थेनं २०१२ मध्ये इशारा दिला होता की कॉकपिटमध्ये दिसणारं एकत्रित रडार-चित्र पडद्यावर लिहिलेल्या वयापेक्षा १५ ते २० मिनिटं जास्त जुनं असू शकतं. वादळ लांबूनच टाळायला त्याचा उपयोग करा, दोन ढगांमधली फट शोधायला कधीही नको.

ग्लायडर आणि पॅरामोटरसाठी काही वेगळं?

दाबाचा सेन्सर असलेलं यंत्र हवं, कारण नुसत्या जीपीएसवरून चढ-उतार उशिरा कळतो. एक्ससीसोर काही ई-इंक वाचनयंत्रांवरही चालतं. तो पडदा जितकं ऊन जास्त तितका स्पष्ट दिसतो आणि वीज फार कमी खातो. रंग आणि झटपट हलणारा नकाशा मात्र मिळत नाही.

हवेत सिग्नल गेला तर?

१. दिशा आणि उंची आहे तशी धरा. यंत्राला लगेच हात लावू नका.
२. घड्याळातली वेळ आणि शेवटची खात्रीची जागा कागदी नकाशावर लिहा.
३. आधी काढलेल्या दिशेनं आणि वेळेनं पुढच्या मोठ्या खुणेकडं जा.
४. मग वीज, केबल, उपग्रहांचं पान पाहा. दुसरं यंत्रही त्याच क्षणी गेलं असेल तर अडथळा बाहेरचा आहे. जागा उड्या मारतेय, वेळ चुकीची आहे, वेग अशक्य आहे, ही सिग्नल दाबला जात असल्याची किंवा खोटा सिग्नल येत असल्याची लक्षणं.
५. नियंत्रित क्षेत्राजवळ असाल तर रेडिओवर तसं सांगा आणि मदत मागा.

हे जमायचं तर दर १० ते १५ मिनिटांनी जागा आणि वेळ कागदावर नोंदवलेली हवी. कागदी नकाशा मांडीवर, घडी घालून, मार्ग दिसेल असा.

घरी सराव कसा करावा?

बऱ्याच यंत्रांत सिम्युलेटर असतो. मार्ग टाकणं, थेट बिंदूकडं वळणं, सर्वांत जवळची धावपट्टी शोधणं, तिची फ्रिक्वेन्सी काढणं, ही चार कामं न बघता जमेपर्यंत करा. सराव संपल्यावर सिम्युलेटर बंद केला का ते पाहा. तो चालू राहिला तर नकाशावरचं छोटं विमान ठरल्या मार्गानं छान पुढं जात राहतं आणि तुम्ही भलतीकडं.

वापरलेलं जुनं यंत्र घेताना काय बघावं?

आधी डेटाबेस: त्या मॉडेलसाठी अजून मिळतो का, आणि सदस्यत्व नव्या मालकाच्या नावावर होतं का. उत्पादन बंद झालेल्या यंत्राचा डेटाबेस कधीही थांबू शकतो.

मग तारीख. जीपीएस आठवडे १०२४ पर्यंत मोजून पुन्हा शून्यावर येतो. असं ऑगस्ट १९९९ मध्ये आणि ६ एप्रिल २०१९ ला झालं, पुढचं नोव्हेंबर २०३८ मध्ये. जुनं फर्मवेअर असलेलं यंत्र तारीख जवळपास वीस वर्षं मागची दाखवतं. जागा बरोबर येऊ शकते, पण सूर्यास्ताची वेळ आणि उड्डाणाच्या नोंदी बिघडतात. फर्मवेअर मिळत असेल तर विक्रेत्यासमोरच टाकून पाहा.

शेवटी अंग तपासा: बॅटरी फुगून मागचं झाकण उचललंय का, चार्जिंगचं भोक ढिलं आहे का, पडद्याच्या चारही कोपऱ्यांत टच चालतो का, आणि आतली छोटी राखीव बॅटरी मेलेली आहे का. तसं असेल तर यंत्र दर वेळी वेळ आणि जागा विसरून नव्यानं उपग्रह शोधत बसतं.